आईसबोटीचा सिझन संपला. आत्ता काय उरकायचं आणि दिवाळीवर काय ढकलायचं?

मेंडोटाकर
नमस्कार मंडळी,
काल शेवटी बोट घरी आणली. काठाजवळचं बर्फ आधी सुटतं, त्यामुळे मधे फूटभर बर्फ असूनही शेवटची दहा पावलं फळी टाकून यावं लागलं, एक बूट आत गेलाच. असो. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला राहतो, मेंडोटा तळ्यावर बोट चालवतो, दोन वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून जुनी डीएन घेतली (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एका माणसाची छोटी आईसबोट, १२ फुटांचं लाकडी अंग, आडवी ८ फुटांची फळी, तीन पोलादी रनर म्हणजे बर्फावर घसरणारी पाती, १६ फुटांची डोलकाठी आणि ६० चौरस फुटांचं शीड. चाकं नाहीत, इंजिन नाही, ब्रेक तर नाहीतच).

तर प्रश्न असा की गेल्या वर्षी मी सगळं आहे तसं गॅरेजच्या कोपऱ्यात उभं केलं आणि थेट डिसेंबरात बाहेर काढलं. रनरवर गंज, शिडाला वास, आणि नटबोल्ट कुठे ठेवले ते आठवेना. पहिलं काळं बर्फ (नवं, काचेसारखं गुळगुळीत) आलं तेव्हा सगळे तळ्यावर आणि मी हार्डवेअरच्या दुकानात रांगेत. यंदा असं करायचं नाही असं ठरवलंय. नटबोल्ट तेल लावून आत्ताच एका डब्यात भरून टाकलेत, तेवढं एक काम झालं.

आणि एक काळजी आहे. शेवटच्या रविवारी जोराचा झोत आला, एक रनर उचलला गेला आणि खाली आपटला तेव्हा फळीतून "टक्" असा आवाज आला. घरी येऊन बघितलं तर उजव्या टोकाला, रनर बसतो त्या बोल्टच्या भोकापासून एक बारीक रेघ निघालीय. केसाएवढी. व्हार्निशची आहे का लाकडाची कळत नाही. हिची गाडी गॅरेजात परत यायची आहे त्यामुळे पसारा आवरायला मला दोनच आठवडे आहेत. काय आधी करू?

व्हराडी_बोका
नागपुरात ४० डिग्रीत बसून हा धागा वाचून राहिलो. कूलरमध्ये पाणी टाकलं आणि पुढच्या प्रतिसादाची वाट बघतोय बाप्पा.

अनुजा_के
ब्रेक नाहीत?????

मेंडोटाकर
नाहीत. वाऱ्याच्या तोंडावर वळवायची, शीड फडफडायला लागतं, मग थांबते. थांबली की उतरून नाक वळवून ठेवायचं नाहीतर बोट तुम्हाला सोडून जाते. माझी एकदा गेली आहे.

निसणा
मी डेट्रॉइटकडे असतो, आधी पंधरा वर्षं पिंपरीला टूलरूममध्ये होतो, आयडीवरून कळलंच असेल. मेंडोटाकर, सगळ्यात आधी एक गोष्ट आजच करा, कारण आठवड्यात विसराल. निळी मास्किंग टेप घ्या आणि बोटीभोवती एक चक्कर मारा. जिथे जिथे सिझनभर काही खटकलं तिथे तुकडा चिकटवा आणि वर पेनाने लिहा. "इथे टक् आवाज", "ही पुली अडकते", "हा बोल्ट दोनदा सैल झाला". वहीत लिहिलेलं आपण नंतर वाचत नाही, पण टेप बोटीवरच असते, ती डोळ्यांत खुपते. आमच्याकडे एक जण तर तळ्यावरच खिशात टेप ठेवतो.

आता रनर. तुमच्याकडे किती सेट आहेत? फडक्याने पुसून, कोरडे करून, धारेवर नखाची पाठ हलकेच ओढून बघा. चांगल्या धारेवर नखाचा बारीक कीस निघतो. एखाद्या जागी नख नुसतं घसरलं तर ती जागा बोथट, आणि अडकलं तर खळी. दगडगोटा किंवा बर्फात रुतलेला तारेचा तुकडा लागला की खळी पडते. बारीक खळी दगडावर जाते. खोल असली तर अख्ख्या धारेचं पोलाद तेवढं खाली आणावं लागतं, ते घरचं काम नव्हे. ते धार लावणाऱ्याकडे एप्रिल-मेमध्ये पाठवा, नोव्हेंबरात त्याच्याकडे लग्नसराई असते.

उरलेल्या धारेला आत्ता हात लावू नका. गंज काढा, तेल लावा, लाकडी पेटीत ठेवा. धार ऑक्टोबरात.

अप्पा_मिशिगन
निसण्याशी असहमत, नेहमीप्रमाणे. (हलके घ्या.)
मी तीस वर्षं धार वसंतातच लावतो. कारण साधं आहे. बर्फ सांगून येत नाही. कधी थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरअखेरच, छोटं तळं धरतं, वाऱ्याशिवाय दोन थंड रात्री मिळाल्या की काचेसारखं काळं बर्फ, आणि चौथ्या दिवशी त्यावर सहा इंच भुसभुशीत बर्फ पडलं की खेळ खलास. ते तीन दिवस म्हणजे तुमचा सिझन. त्या तीन दिवसांत मी तळघरात बेल्ट सँडरवर उभा राहणार नाही. धार लावा, वर पेस्ट वॅक्सचा थर द्या, प्रत्येक रनरला त्याची लाकडी म्यान. डिसेंबरात वॅक्स पुसलं की निघालो.

निसणा
अप्पा, तुमचं तळघर कोरडं आहे. ह्यांचं गॅरेज आहे, शेजारी रस्त्यावरचं मीठ घेऊन आलेली गाडी ठिबकत उभी राहणार. त्या मिठाच्या हवेत मे ते नोव्हेंबर ठेवलेली ताजी धार ही धार राहत नाही. ४४०सी स्टेनलेस असलं तरी गंज येतो, स्टेनलेस म्हणजे डाग कमी, डाग नाहीतच असं नव्हे. दोनदा धार लावायची म्हणजे पोलाद दोनदा कमी करायचं.

अप्पा_मिशिगन
मग घरात ठेवा की. पलंगाखाली माझ्या पाच जोड्या आहेत.

अनुजा_के
अप्पा, काकूंचा आयडी आहे का इथे? त्यांचं मत वाचायला आवडेल.

अप्पा_मिशिगन
काकूंचं मत टंकण्यासारखं नाही.

दर्यावर्दी_रत्नागिरी
विषय वाचून गंमत वाटली. आमचं नेमकं उलटं चालतं. तुमची बोट उन्हाळा आला की घरात, आमची पावसाळा आला की. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्याच्या आधी होड्या वर ओढायच्या, तळाला चिकटलेली कालवं खरवडायची, गोड्या पाण्याने धुऊन उन्हात सुकू द्यायची, मग शाकारून ठेवायच्या. मग नारळी पौर्णिमेला नारळ सोडून पुन्हा पाण्यात. आता फायबरच्या आल्या, पण वडिलांच्या लाकडी होडीला काजूच्या टरफलाचं तेल लावायचो, हात महिनाभर काळे आणि कातडी सोलवटलेली.

सांगायचं ते असं, वडील म्हणायचे की ओल्या लाकडावर काहीही लावलंत तरी तुम्ही ओल आत कोंडताय. आधी सुकू दे. लाकूड सुकलं की भेग स्वतःच सांगते ती किती खोल आहे. तुमच्या फळीलाही तेच लागू असावं. तेवढं नातं समुद्र नि बर्फात धरायला हरकत नाही.

मेंडोटाकर
दर्यावर्दी, हे एकदम पटलं. मी उद्याच भेगेत इपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचा पक्का गोंद) भरायला निघालो होतो.

निसणा
थांबा हो. दर्यावर्दींच्या वडिलांना साष्टांग. फळी घरात आणा, दोन्ही टोकं टेकवून आडवी, चांगले सहा आठवडे. भेगेवरचं व्हार्निश ब्लेडने खरवडा, दोन इंच इकडे दोन इंच तिकडे. मग नाण्याने ठोकत जा, जसं मंडईत कलिंगड ठोकतो. भरीव आवाज येतोय आणि मधेच पोकळ झाला तर तिथे आतून सुटलंय. शिवाय वाकण्याचं माप घ्या. रनर जिथे बसतात तिथे दोन्हीकडे ठोकळे लावा, मधल्या जागेची जमिनीपासूनची उंची मोजा, मग त्यावर उभे राहा आणि कुणाला तरी परत मोजायला सांगा. दोन्हीतला फरक म्हणजे फळीचं वाकणं. मागच्या वर्षीचा आकडा आहे का?

मेंडोटाकर
आहे! ज्यांनी बोट विकली त्यांनी फळीच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, त्याच्याखाली मी माझं लिहिलं. माझं वजन ७८ किलो, वाकणं पावणेदोन इंच.

निसणा
उत्तम माणूस होता. फळी सुकली की परत मोजा. पावणेदोनचे सव्वादोन झाले तर फळी थकली, नवीन करा, त्यात पैसे घालू नका. तेवढंच आलं तर भेग दुरुस्त करण्यासारखी आहे.

शुद्धलेखन_समिती
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण "आईसबोट" कशाला? हिमनौका म्हणा.

कट्टा_कायम
हिम म्हणजे वरून पडतं ते. तळ्यावर गोठतं ते बर्फ. बर्फनौका.

व्हराडी_बोका
बर्फगाडी. आमच्याकडं लग्नात बर्फ घेऊन येते ती.

शुद्धलेखन_समिती
आणि "रनर"ला?

दर्यावर्दी_रत्नागिरी
शीड, डोलकाठी, सुकाणू, नाळ हे सगळं आपलंच आहे, ते तेवढं वापरा म्हणजे झालं. रनरला रनरच राहू दे, आम्ही बर्फात कधी गेलोच नाही तर शब्द कुठून येणार.

स्टॉकहोमवाली
मी इथे फक्त वाचायला होते पण राहवलं नाही. स्वीडनमध्ये डीएन भरपूर आहेत, माझा नवरा (स्वीडिश) चालवतो, मी किनाऱ्यावर थर्मास घेऊन उभी असते, कधीमधी मीही चालवते. आमचा प्रश्न जागेचा. फ्लॅटमध्ये राहतो. १६ फुटांची डोलकाठी लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्याच्या वळणावर अडकते, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आम्हाला आता नावाने ओळखतात. शेवटी तळघरातल्या सामायिक कॉरिडॉरमध्ये छताला हुक मारून टांगली.

त्यात एक चूक केली ती सांगते. आम्ही दोनच हुक लावले, दोन टोकांना. उन्हाळाभर तशी टांगलेली, ऑक्टोबरात काढली तर मधे झोका पडलेला. लाकडी जुनी डोलकाठी होती, आता बऱ्याच जणांच्या कार्बन आणि फायबरच्या असतात. तर डोलकाठीला किमान तीन ठिकाणी आधार द्या, आणि बॉयलरच्या पाइपाजवळ नको.

शीड मात्र घरातच. गुंडाळायचं, घडी घालायची नाही. बॅटनचा (शिडात घालायच्या आडव्या पट्ट्यांचा) ताण सोडून ठेवायचा नाहीतर शिवण सहा महिने ताणलेली राहते. आणि आधी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवायचं. आम्ही बाल्कनीत वाळत घातलं तर शेजाऱ्यांनी विचारलं लग्न आहे का घरात.

सांगलीचा_पोरगा_मिनेसोटात
शिडावरून आठवलं. माझं शीड पिशवीत घालून गॅरेजच्या माळ्यावर ठेवलं होतं. मे महिन्यात आई आली सांगलीहून. ती तिसऱ्या दिवशी गॅरेज आवरायला लागली (कुणी सांगितलं नव्हतं), आणि आतून ओरडली. उंदरीण, सात पिल्लांसकट, बॅटनच्या खिशात. घरटं कशाचं तर माझ्याच शिडाच्या कडेच्या दोरीचं पिंजून केलेलं. आईने पिल्लं सुपलीत घेऊन कुंपणापलीकडे नेऊन ठेवली, परत येऊन मला म्हणाली, "एवढी सात समुद्र ओलांडून आलास ते बर्फावर कपडा बांधून पळायला?"

तेव्हापासून शीड प्लॅस्टिकच्या झाकणवाल्या लांब पेटीत, आणि आईने पाठवलेल्या डांबरगोळ्या बाहेरच्या बाजूला. शीड शिवणाऱ्याकडे जूनमध्ये टाकलं तर दोन आठवड्यांत आलं. आधीच्या वर्षी नोव्हेंबरात एका ठिकाणी टाकलं होतं तर फेब्रुवारीत मिळालं, सिझन गेला. चूक माझी होती, त्यांची नाही.

अनुजा_के
आईंचं वाक्य वाचून हसून हसून पुरेवाट. वाचनखूण साठवली.

जुना_पाणी
मी हे खेळ सोडून पाच वर्षं झाली, तरी लिहितो. एवढी देखभाल, एवढा खर्च, कशासाठी? मेंडोटाच्या बर्फाच्या नोंदी १८५० च्या दशकापासून आहेत, त्या बघा. २००१-०२ मध्ये अख्खा हिवाळा मिळून २१ दिवस बर्फ होतं. २०२३-२४ मध्ये ४४ दिवस. त्यातले निम्मे दिवस वर भुसभुशीत बर्फाचा थर, उरलेल्यात वारा नाही, जो उरला तो सोमवार. मी हिशेब केला होता, तासाला जेवढे पैसे पडत होते तेवढ्यात दोघांचं मुंबईचं तिकीट झालं असतं.

अप्पा_मिशिगन
हिशेब केलात तिथेच चुकलात.

मेंडोटाकर
जुनापाणी, तुमचं खरं आहे, पण म्हणूनच देखभाल जास्त महत्त्वाची ना? पूर्वी तीन-चार महिने बर्फ असायचं तेव्हा पहिले दोन आठवडे दुरुस्तीत गेले तरी चालायचे. आता पहिले दोन आठवडे हाच कधीकधी सिझन. बोट दिवाळीच्या आत उभी पाहिजे.

जुना_पाणी
हम्म. हे मान्य. पण मग डीएनवाल्यांनी नुसतं मेंडोटावर बसू नये. मी असताना बर्फ असेल तिथे जायचो, लेक पेपिन, विनेबागो, सेंट क्लेअर. डीएनचा फायदाच तो, गाडीच्या टपावर जाते. म्हणजे देखभालीत ट्रेलर किंवा टपावरचा रॅकही धरा. आमच्या वेळी एकाच्या ट्रेलरचं बेअरिंग मिठाने खाल्लेलं, हायवेवर चाक निघून बोटीच्या आधी तळ्यावर पोचलं. चाकं काढून बेअरिंगला नवीन ग्रीस, दिव्यांचे सॉकेट साफ, स्प्रिंगांखालून पाण्याचा फवारा. हे एप्रिलमध्येच, कारण रस्त्यावरचं मीठ पावसाने धुऊन गेलं तरी ट्रेलरच्या पोटाखालचं जात नाही.

कट्टा_कायम
अवांतर: मेंडोटा म्हणजे तेच ना जिथे १९७९ मध्ये विद्यार्थ्यांनी बर्फावर स्वातंत्र्यदेवतेचं मुंडकं आणि मशालीचा हात उभा केला होता, जणू बाकीची देवता पाण्याखाली आहे?

मेंडोटाकर
तेच. आता फुगवायचं आहे, काही हिवाळ्यांत परत उभं राहतं. त्याला वळसा घालून जायला मजा येते.

इतिहासवेडा
अवांतर चालूच आहे तर, आईसबोटी काही नवीन नाहीत. हडसन नदीवर १९व्या शतकात श्रीमंतांच्या भल्यामोठ्या बोटी असायच्या, सुकाणू मागे. १८७१ साली जॉन ए. रूझवेल्ट यांच्या आयसिकलने नदीकाठच्या रुळांवरून धावणाऱ्या शिकागो एक्सप्रेसला मागे टाकलं होतं. जवळपास ६९ फुटांची बोट. आता म्युझियममध्ये आहे. आणि तुमची डीएन म्हणजे डेट्रॉइट न्यूज, त्या वर्तमानपत्राच्या हौशी सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये १९३६-३७ च्या हिवाळ्यात जन्मलेली. मंदीच्या काळात घरी बनवता येईल, परवडेल अशी. म्हणजे ही बोट मुळातच गॅरेजमधली आहे, कुणाला सांगायचं असेल तर सांगा.

मेंडोटाकर
हिला सांगितलं. ती म्हणाली मग गाडी पण गॅरेजमधलीच आहे.

सुतारपक्षी_बे_सिटी
मी उशिरा आलो. बे सिटीला राहतो, मिशिगन. इथलेच गूजन बंधू, ज्यांनी वेस्ट सिस्टिम इपॉक्सी आणलं, ते मुळात डीएन बनवायचे. म्हणजे तुम्ही त्या डब्यातून जे ओतताय ते आईसबोटीसाठीच आधी हातात आलं होतं असं म्हणायला हरकत नाही. म्हणून इपॉक्सीवर दोन शब्द लिहितो, राहवत नाही.

पहिलं म्हणजे इपॉक्सीचं काम उन्हाळ्यात. गार गॅरेजात एप्रिलच्या रात्री लावलेलं इपॉक्सी चिकट राहतं आणि मग लोक जास्त हार्डनर (घट्ट करणारा दुसरा भाग) घालतात, ती सगळ्यात मोठी चूक. प्रमाण बदलायचं नसतं, हवा बदलायची असते, किंवा फास्ट हार्डनर घ्यायचा. दुसरं, सुकल्यावर वर साबणासारखा पातळ थर येतो तो आधी पाण्याने आणि खरखरीत पॅडने धुवा, मगच सँडपेपर. नाहीतर तो थर घासून आत रेटला जातो आणि वरचं व्हार्निश पापडासारखं सुटतं. तिसरं, इपॉक्सीला ऊन सोसत नाही, वर व्हार्निश हवंच.

भेग बोल्टच्या भोकापासून निघालीय म्हणालात ना, तर मला भेगेपेक्षा भोकाची शंका येतेय. बोल्ट काढून भोकात बोट घाला. गोल आहे का लांबट झालंय? आतलं लाकूड काळपट, मऊ लागतं का? सिझनभर बोल्ट थोडा सैल असेल तर तो भोक खात राहतो, पाणी आत जातं, रात्री गोठतं, फुगतं आणि लाकडाला पाचर ठोकल्यासारखी भेग पडते. तसं असेल तर भेग भरून उपयोग नाही. भोक मोठं करून, सुकवून, पूर्ण इपॉक्सीने भरायचं, भुकटी घालून दाट केलेलं, आणि मग त्यातच परत मापाचं भोक पाडायचं. म्हणजे बोल्ट लाकडाला शिवतच नाही.

मेंडोटाकर
सुतारपक्षी, आत्ताच जाऊन बोट घालून आलो. लांबट आहे. आणि काळं लागलं बोटाला.

सुतारपक्षी_बे_सिटी
सापडला चोर. डावीकडचंही बघा.

निसणा
आणि रनर ज्या पट्ट्यांत बसतो त्या पट्ट्याही काढून बघा. भोक लांबट म्हणजे दोन्ही बाजूचे रनर एकमेकांना समांतर राहिलेले नसणार, सिझनभर एक रनर घासत गेला असेल. धारेच्या एकाच अंगाला जास्त झीज दिसते का? दुरुस्तीनंतर समांतर करताना नुसती फळी टेबलावर ठेवून करू नका, बोट जोडून, आत तुमच्या वजनाएवढी वाळूची पोती ठेवून करा. फळी वाकली की रनरचा कोन बदलतो. हे काम शेवटचं, ऑक्टोबरात. हे चुकलं तर बाकी सगळं पाण्यात, म्हणजे बर्फात.

अनुजा_के
मला एवढंच कळलं की ह्या बोटीला लागणाऱ्या लक्षापैकी निम्मं जरी माझ्या नवऱ्याने घराच्या गळक्या नळाला दिलं असतं तर.

सांगलीचा_पोरगा_मिनेसोटात
पुल्या राहिल्या कुणाच्याच बोलण्यात. बॉल बेअरिंगवाल्या पुल्यांत ग्रीस घालू नका, मी घातलं होतं, वर्षभराचा कचरा त्यात चिकटून खरखर करायला लागल्या. कोमट साबणाच्या पाण्यात खळबळा, गोड्या पाण्याने धुवा, वाळवा. बास. (पुल्या बनवणारे हार्कन शेजारचेच, पेवॉकी विस्कॉन्सिनचे, उगाच माहिती.) डोलकाठीच्या तारा बघताना उघड्या बोटांनी नाही, कापसाचा बोळा फिरवा, तुटलेला बारीक धागा असेल तर कापूस अडकतो. जिथे तार फिटिंगमध्ये शिरते तिथे जास्त बघा. एक धागा तुटला तरी ती तार बदला, तिथे कंजुषी नको.

स्टॉकहोमवाली
+१ कापसाला. आणि गळ्यातले, पाण्यात पडल्यास बाहेर यायला बर्फात रोवायचे खिळे, हेल्मेट हेही बघा. आमचे खिळे गंजून म्यानातून निघतच नव्हते, ते पाण्यात पडल्यावर कळलं असतं तर.

मेंडोटाकर
*(जूनचा तिसरा आठवडा)*
धागा वर काढतोय. अपडेट द्यायचं कबूल केलं होतं. फळी दोन महिने दिवाणखान्यात सोफ्यामागे सुकत होती, पाहुण्यांना "शेल्फ लावायचंय" असं सांगितलं. व्हार्निश खरवडलं, भेग चार इंच, खोली फार नाही, नाण्याचा आवाज भोकाशेजारी तेवढा पोकळ. दोन्हीकडची भोकं खराब, उजवं जास्त. सुतारपक्षींनी सांगितलं तसं भरलं. पहिल्या दिवशी डबा हातातच गरम झाला आणि धूर यायला लागला, एकदम खूप कालवलं होतं, अंगणात फेकला. दुसऱ्या दिवशी थोडं थोडं केलं.

आज उभा राहिलो फळीवर, मुलीने मोजलं. ती म्हणाली पावणेदोन. मी म्हटलं परत मोज. परत पावणेदोन. खाली पेन्सिलीने लिहिलं, मुलीची सही घेतली.

धारेचं अप्पा आणि निसणा दोघांचं ऐकलं. एक जोडी लावून वॅक्स करून पलंगाखाली, उरलेल्या तेल लावून पेटीत. ऑक्टोबरात दोन्ही काढून नखाने बघणार आणि इथे येऊन कोण जिंकलं ते सांगणार.

निसणा
वाट बघतो. पलंगाखाली ठेवलेलं कधीच जिंकत नाही, उगाच सांगून ठेवतो.

अप्पा_मिशिगन
तीस वर्षं.

मेंडोटाकर
*(दिवाळीच्या आधीचा शनिवार)*
तर मंडळी, निकाल: पलंगाखालची जोडी. वॅक्स पुसलं, नख ओढलं, कीस निघाला. पेटीतल्या एका रनरवर बोटाएवढा गंजाचा डाग, घासल्यावर गेला, पण होता. अप्पांना एक चकली.

आज बोट अंगणात उभी करायची होती. फळी, अंग, डोलकाठी, वाळूची पोती सगळं काढलं. शीड काढलं, उंदीर नाहीत. आणि बोल्ट नाहीत. रनरचे तिन्ही बोल्ट, चॉकचे (रनर धरणाऱ्या पट्ट्यांचे) सगळे, नायलॉन नट, कॉटर पिना. ह्या धाग्याच्या पहिल्याच पोस्टमध्ये मी स्वतः लिहिलंय "नटबोल्ट तेल लावून आत्ताच एका डब्यात भरून टाकलेत, तेवढं एक काम झालं." कुठला डबा ते लिहिलं नाही. तीन तास गॅरेज, तळघर, माळा. शेवटी हार्डवेअरच्या दुकानात जायला गाडी काढली.

परत आलो तर ही स्वयंपाकघरात. फराळासाठी वरच्या फळीवरचा मोठा स्टीलचा डबा काढला होता, गेल्या वर्षी चकल्यांचा होता तो. डब्याचं झाकण एका हातात, दुसरा हात कमरेवर. ओट्यावर वर्तमानपत्र, त्यावर सगळे बोल्ट ओळीने मांडलेले, तेलाचा वास घरभर.

निसणा
निळी टेप म्हटलं होतं मी. डब्यावर पण लावायची असते.

अप्पा_मिशिगन
माझी चकली दुसऱ्या डब्यातली द्या.